ताणतणाव आणि मज्जातंतूंची जीर्ण वेदना : हेतू, संप्राप्ती व चिकित्सा

प्रास्ताविक

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या दारी वातव्याधीचा रुग्ण आला नाही, असा दिवस विरळाच. धानाच्या बांधीत दिवसभर कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या स्त्रिया, पाठीवर पंप बांधून कपाशीवर फवारणी करणारे मजूर, कन्हान परिसरातील कोळसा खाणींत पाळीने काम करणारे कामगार आणि दुकानाच्या गादीवर बसून मधुमेह जडलेले व्यापारी या सर्वांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. कोणी म्हणतो, "पायात करंट लागल्यावानी होते". कोणी तळपायाची आग सांगतो. कोणी कमरेपासून टाचेपर्यंत चमक निघते म्हणतो. आपण गृध्रसी, पाददाह, पादहर्ष, अनंतवात अशी निदाने करतो, स्नेहन-स्वेदन करतो, बस्ती देतो, गुग्गुळाचे कल्प देतो. बहुतेकांना उपशय मिळतो. परंतु काही रुग्ण असे असतात की, ज्यांची वेदना प्रत्येक उपक्रमानंतर काही आठवड्यांतच परत येते. प्रस्तुत लेख अशा रुग्णांविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी पेंच नदीकाठच्या एका खेड्यातील ५४ वर्षे वयाचे शेतकरी आमच्याकडे उजव्या पायाच्या गृध्रसीसाठी येत असत. आम्ही त्यांना ८ बस्तींचा योगबस्ती क्रम दोन वेळा दिला. दोन्ही वेळी वेदना कमी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात पूर्ववत झाली. आम्ही तेल बदलले, काढा बदलला, गुग्गुळाचा कल्प बदलला. आहाराचे पथ्य अधिक कडक केले. रुग्ण पथ्य पाळत नसावा, असा निष्कर्षही मनाशी काढला. पुढे त्यांच्या पत्नी स्वतःच्या औषधासाठी आल्या असता सहज म्हणाल्या, "आमच्या घरचे रोज रात्री जागलीले जातेत. आठ महिने झाले, डोयाले डोया नाही. कर्जाचं टेन्शन वेगळंच." जंगलालगतच्या शेतात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी हे गृहस्थ रात्रभर मचाणावर बसत होते, ही गोष्ट आमच्या केसपेपरवर कोठेही नव्हती. आम्ही ती विचारलीच नव्हती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी सूची आहे, तीत वातहर उपक्रमांमध्ये बस्ती श्रेष्ठ सांगितली आहे. हे आपणा सर्वांस मुखोद्गत असते. त्याच सूचीत रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषाद अग्रस्थानी सांगितला आहे. पहिले वचन आपण नित्य व्यवहारात आणतो. दुसऱ्याचा मात्र आपल्याला विसर पडतो. मज्जातंतूंच्या जीर्ण वेदनेत ही दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत, एवढेच आमचे प्रतिपादन आहे.

ही वेदना कशी ओळखावी

सर्वच वेदना सारख्या नसतात. सांध्याची झीज, स्नायूंचा ताण किंवा मार लागणे यांतून होणारी वेदना ही ऊतींच्या इजेची सूचना असते. मज्जातंतूंची वेदना ही सूचना वाहून नेणाऱ्या यंत्रणेच्याच व्याधीतून निर्माण होते. त्यामुळे जखम भरून आली तरी ती टिकते आणि तिचे स्वरूपही वेगळे असते. दाह, विजेचा झटका बसल्यासारखी चमक, झिणझिण्या, टोचणी, बधिरता, आणि नुसत्या वस्त्राच्या स्पर्शानेही होणारी वेदना ही तिची लक्षणे होत. नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने राहणारी आग, मधुमेहातील दोन्ही तळपायांचा दाह, कमरेतील नाडीमुळावरील दाबाने होणारी गृध्रसी आणि चेहऱ्यावरील त्रिधारा नाडीचा शूल ही तिची नित्य भेटणारी उदाहरणे आहेत.

निदानाच्या सोयीसाठी २००५ साली फ्रान्समध्ये तयार झालेली 'डीएन-४' ही प्रश्नावली उपयुक्त आहे. तीत एकूण १० मुद्दे असून ७ प्रश्नाने व ३ स्पर्शपरीक्षेने समजतात. ४ किंवा अधिक मुद्दे जुळल्यास वेदना मज्जातंतूंची असण्याचा संभव बळावतो. कापूस आणि बोथट टाचणी एवढ्या साहित्यावर ही परीक्षा ५ मिनिटांत होते. आपल्या दर्शन-स्पर्शन-प्रश्न परीक्षेशी ती सहज जुळते.

शास्त्रदृष्टीने विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात वातप्रकोपाचे जे हेतू दिले आहेत, त्यांत रूक्ष-शीत आहार, अतिव्यायाम, अभिघात यांच्याच पंक्तीत चिंता, शोक, क्रोध, भय आणि अतिजागरण यांची गणना आहे. मानसिक हेतूंसाठी तेथे वेगळे परिशिष्ट जोडलेले नाही. सूत्रस्थानाच्या २० व्या अध्यायातील ८० नानात्मज वातविकारांची यादी त्याहून बोलकी आहे. गृध्रसी व पादसुप्तता ज्या यादीत आहेत, त्याच यादीत विषाद, अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व हेही विकार आहेत. पाय दुखणे, झोप न येणे आणि मन थाऱ्यावर नसणे या तीन तक्रारी घेऊन येणारा रुग्ण तीन वेगळे रोग घेऊन आलेला नसतो. एकाच कुपित वायूची तीन रूपे तो आपल्यासमोर मांडत असतो.

संप्राप्तीचा क्रम असा लावता येतो. चिंतेने प्रथम अग्नी मंद होतो. अन्नावरची वासना जाते, जेवणाची वेळ टळते. आहार अल्प व रूक्ष झाला की मलावष्टंभ होऊन अपानाची गती बिघडते. रात्रीच्या जागरणाने रूक्षता वाढते. रसापासून मज्जेपर्यंत धातूंचे पोषण उणावते आणि रिक्त स्रोतसांत वायू संचार करतो. ज्या ठिकाणी पूर्वीच खवैगुण्य आहे, म्हणजे कमरेतील मणका सरकलेला आहे, नागिणीने नाडी दुखावलेली आहे किंवा प्रमेहाने पायांतील नाड्या दुर्बल झालेल्या आहेत, तेथे तो स्थानसंश्रय करतो. ताण हा बहुधा या वेदनेचा एकमेव हेतू नसतो. तो व्यंजक आणि पोषक हेतू असतो. आणि पोषण चालू असेपर्यंत केवळ शमनाने व्याधी हटत नाही. निदानपरिवर्जनाविना चिकित्सा अपुरी, हे तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाची साक्ष

१९३६ साली हान्स सेल्ये यांनी निरनिराळ्या आघातांना शरीर देत असलेल्या समान प्रतिसादाचे वर्णन केले आणि ताणाच्या शास्त्रीय अभ्यासास चालना मिळाली. ताणाच्या प्रसंगी मेंदूतील हायपोथॅलॅमस, पिट्युटरी ग्रंथी आणि वृक्काजवळील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होऊन कॉर्टिसॉल स्रवते. अनुकंपी मज्जासंस्थेतून नॉरअॅड्रिनॅलिन सुटते. हा प्रतिसाद अल्पकालीन असेल तर तो वेदना दाबतोही. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आघाडीवर मोठ्या जखमा झालेल्या अनेक सैनिकांनी वेदनाशामक मागितले नाही, असे निरीक्षण अमेरिकन वैद्य हेन्री बीचर यांनी १९४६ साली प्रसिद्ध केले. बैल उधळून पायावर जखम झाली असता शेतकऱ्याला बैल आवरेपर्यंत ती कळत नाही, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव त्याच जातीचा आहे.

परंतु ताण महिनोन्‌महिने टिकला की चित्र उलटे होते. १९६५ साली मेलझॅक व वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार' सिद्धान्तानुसार पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनासंदेशांसाठी जणू एक दार असते. स्पर्श व दाब यांचे संदेश हे दार लोटून घेतात, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते उघडू वा मिटू शकतात. सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे सुधारणा झाल्या, तथापि मेंदू हा वेदनेचा केवळ श्रोता नसून तिचा नियंताही आहे, ही त्यातील मूळ कल्पना टिकून आहे. दीर्घ चिंता, भीती आणि निद्रानाश यांनी वरून येणारे हे नियमन दुबळे पडते. दार उघडेच राहते.

दुसरी प्रक्रिया संवेदनवृद्धीची. इजा झालेल्या मज्जातंतूकडून सतत संदेश येत राहिले, तर मज्जारज्जूतील पेशी अधिकाधिक उत्तेजनक्षम होतात आणि सौम्य स्पर्शासही वेदना म्हणून प्रतिसाद देऊ लागतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून ही मध्यवर्ती संवेदनवृद्धी दाखविली. दीर्घकालीन ताणाने मज्जासंस्थेतील दाहकारक द्रव्ये वाढून या प्रक्रियेस खतपाणी मिळते, असे पुढील प्रायोगिक अभ्यासांत दिसून आले आहे. याशिवाय भीतीने कमरेचे व मानेचे स्नायू आखडतात आणि दबलेल्या नाडीवरील दाब वाढतो. रुग्ण हालचाल टाळतो, त्याने स्नायू दुर्बल होतात. वेदनेने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना सहन करण्याची शक्ती घटते, आणि या वाढलेल्या वेदनेची चिंता पुन्हा रात्र खाऊन टाकते. हे चक्र कोठून सुरू झाले याचा शोध घेण्यापेक्षा ते कोठे तोडता येईल, हे पाहणे वैद्यास अधिक उपयोगी आहे.

अमिट्रिप्टिलिन व ड्युलोक्सेटिन ही मूळची विषादावरील औषधे आधुनिक वैद्यक मज्जातंतूंच्या वेदनेवर वापरते, त्याचेही कारण येथेच आहे. मेंदूकडून खाली येणाऱ्या नियमनाला ती बळ देतात. ज्या रुग्णास विषाद नाही, त्यासही त्यांचा उपयोग होतो. तेव्हा रुग्णाच्या पिशवीत अशी गोळी दिसली म्हणून त्याला मानसरोगी समजू नये आणि ती गोळी त्याला एकदम बंदही करावयास सांगू नये.

"हे तुमच्या मनाचे आहे"

वरील विवेचनाचा विपर्यास होण्याचा एक मोठा धोका आहे. तपासणीत फारसे काही न सापडल्यास "तुम्हाला काही झाले नाही, मनाचे आहे" असे रुग्णास सांगितले जाते. हे वाक्य शास्त्रदृष्ट्या चुकीचे आणि व्यवहारतः घातक आहे. वेदना खरीच असते; ताण तिची तीव्रता वाढवितो, तोही प्रत्यक्ष शारीरिक मार्गांनी. रुग्ण ते वाक्य "डॉक्टर मला ढोंगी समजतात" असे ऐकतो. त्यानंतर तो आपल्याकडे येत नाही. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या किंवा बाजारातून बिननावाच्या वाताच्या पुड्या घेऊ लागतो. घरातील माणसेही त्याला कामचुकार ठरवितात आणि ताणात आणखी एका कारणाची भर पडते.

आम्ही रुग्णाला सांगतो ते साधारण असे : "तुमची नाडी दुखावली आहे, हे खरे आहे. दुखावलेल्या नाडीला झोप नसली आणि डोक्यावर काळजी असली की ती जास्त ओरडते. आपण नाडीवरही उपचार करू आणि झोपेवरही." एवढ्या बोलण्याने रुग्णाचा चेहरा बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

रुग्णास काय विचारावे

प्रत्येक जीर्ण वेदनेच्या रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे केसपेपरवर नोंदवावीत. रात्री झोप किती तास लागते आणि कशाने मोडते? शेतात जागल आहे काय, ओलितासाठी रात्रीच्या वीजपाळीला उठावे लागते काय, खाणीतील रात्रपाळी किती दिवसांनी येते? भूक व मलप्रवृत्ती कशी आहे? वेदना वर्षातील कोणत्या काळात वाढते? घरात, शेतात, व्यवहारात अशी कोणती काळजी आहे की जी रात्री झोपू देत नाही? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे, असे बहुतेक दिवस झाले काय?

आमच्या भागात वेदना वाढण्याचा काळ विचारणे विशेष फलदायी ठरते. पावसाळ्याच्या तोंडी, म्हणजे बियाणे-खतांची जुळवाजुळव आणि पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या दिवसांत, जुने शूल उफाळून येतात. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप होतोच. त्याच्या जोडीला ही चिंता येते. केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा होते. नागपूर जिल्हा नव्हता. परंतु जिल्ह्याच्या सीमेवर चिंता अडत नाही, हे आपण रोज पाहतो.

अखेरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. वेदनेने वा काळजीने जीव नकोसा झाला आहे काय, स्वतःचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे सौम्य पण स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने असा विचार रुग्णाच्या मनात शिरतो, ही समजूत निराधार आहे. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशकांचे डबे कुलपात वा अन्यत्र ठेवण्यास नातेवाइकांना सांगावे आणि त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे अहोरात्र समुपदेशक उपलब्ध असतात. तो दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

चिकित्सेचा क्रम

१) निद्रा : चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात सुख-दुःख, पुष्टी-कृशता, बल-दौर्बल्य ही निद्रेच्या अधीन मानली आहेत. म्हणून आम्ही चिकित्सेची सुरुवात झोपेपासून करतो. जागल टाळता येत नसेल तर ती भाऊबंदांत वाटून घ्यावी आणि आठवड्यातून किमान चार रात्री घरी झोपावे. निजण्यापूर्वी तळपायांस व डोक्यास तिळाचे तेल चोळावे, कफ-मेदाचा संबंध नसल्यास कोमट दूध घ्यावे. संध्याकाळनंतर चहा व तंबाखूयुक्त खर्रा टाळावा. खर्ऱ्यातील निकोटिन झोप उडविते, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक रुग्णास सांगावी लागते.

२) स्नेहन-स्वेदन : अभ्यंगाचा लाभ केवळ तेलाचा नसतो. स्पर्शाचे संदेश वेदनेचे दार लोटतात आणि वैद्याच्या वा घरच्या माणसाच्या हाताने मन निवते. ज्या जागी कापडाचा स्पर्शही सहन होत नाही, तेथे मर्दन करू नये. आजूबाजूने सौम्य हात फिरवावा. मधुमेहात बधिर झालेल्या पायास शेक, गरम पाण्याची पिशवी वा तप्त पिंड कदापि देऊ नयेत. उष्णता न कळल्याने पाय भाजतो, जखम चिघळते आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

३) बस्ती : चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात मात्राबस्ती ही श्रम, भारवहन व प्रवास यांनी कृश झालेल्यांस हितकर आणि कोणत्याही काळी देता येण्यासारखी सांगितली आहे. शेतीचा हंगाम सोडून दवाखान्यात राहू न शकणाऱ्या रुग्णास ती वरदानच आहे. सहचर तेल किंवा तिळाचे तेल सुमारे ६० मि.लि. या प्रमाणात आम्ही वापरतो. मलावष्टंभ असल्यास प्रथम एरंडस्नेहाने अनुलोमन करावे. प्रमेहजन्य आवरणात मात्र बृंहणाची घाई करू नये.

४) औषधे : रास्नासप्तक काढा, त्रयोदशांग गुग्गुळ इत्यादी परिचित कल्पांच्या जोडीला निद्रा व मन यांसाठी अश्वगंधा चूर्ण दिवसाकाठी ३ ते ६ ग्रॅम दुधातून, किंवा पित्तानुबंध असल्यास जटामांसीचा फांट योजावा. अश्वगंधा सर्वांस निरुपद्रवी आहे, असे समजू नये. गर्भिणी, यकृताचे विकार आणि थायरॉइडची अतिक्रिया यांत ती टाळावी. मधुमेहाची वा झोपेची औषधे चालू असल्यास सावधपणे द्यावी. बेचैन व निद्रानाशाने पीडित रुग्णात कुचलायुक्त कल्प विशेष जपून वापरावेत. त्यातील स्ट्रिक्निन मज्जासंस्था उत्तेजित करते.

५) सत्त्वावजय : दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्यासह चरकाचार्यांनी सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हा तिचा अर्थ. तिच्यासाठी वेगळी खोली वा यंत्र लागत नाही. रुग्णास सकाळ-संध्याकाळ १० मिनिटे दीर्घ श्वसन करावयास शिकवावे. उच्छ्वास हा श्वासापेक्षा लांब असावा. त्यानंतर १० मिनिटे शवासन. कैवल्यधाम, लोणावळा येथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, आणि १९७९ साली अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी जीर्ण वेदनेच्या रुग्णांसाठी सजगता-ध्यानाचा वर्ग सुरू केला. अशा उपायांनी वेदना समूळ जातेच असे नाही; परंतु तिचा त्रास, भीती व परावलंबन कमी होते.

आपल्या विदर्भात यास गावची चौकटही उपलब्ध आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने चालणाऱ्या गुरुदेव सेवा मंडळांत सकाळचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होते. ज्याची श्रद्धा तेथे आहे, त्या रुग्णास आम्ही तेथे जाण्यास सुचवितो. चार माणसांत शांत बसणे, चालत जाणे-येणे आणि ठराविक वेळ पाळणे या तिन्ही गोष्टी औषधाचे काम करतात.

६) कामाची वाटणी : बरे वाटले त्या दिवशी सगळी थकलेली कामे उरकायची आणि पुढील चार दिवस अंथरुणावर काढायचे, हा क्रम मोडावा. वेदना असो वा नसो, रोज ठरलेले अंतर चालणे आणि ठरलेल्या वेळाने विसावा घेणे असे नियोजन करून द्यावे.

केव्हा अन्यत्र पाठवावे

ताणाचा विचार करताना गंभीर व्याधी नजरेतून सुटता कामा नये. मूत्र-मलावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरता, पाऊल लोंबणे, ज्वर, वजनात घट वा पूर्वीचा अर्बुदाचा इतिहास असल्यास रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नागीण उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू होणे हिताचे असते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या तसेच शाकाहारी रुग्णांत 'ब-१२' जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.

विदर्भाच्या पूर्व भागात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय स्तरावर दूरीकरणाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले, म्हणून आपण ते निदान विसरणे परवडणारे नाही. कोपराजवळची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नाडी जाड व दुखरी लागणे आणि त्वचेवर बधिर चट्टा असणे ही लक्षणे मिळाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात त्वरित पाठवावे. तेथील बहुविध औषधोपचार निःशुल्क आहे, आणि नाडीदाहात झालेला विलंब कायमचे व्यंग देऊन जातो. फवारणीचा इतिहासही विचारावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजुरांचे प्राण घेतले. काही कीटकनाशके मज्जातंतूंनाही इजा करतात.

औषधी दुकानदारांसाठी

या रुग्णाची पहिली भेट पुष्कळदा वैद्याशी नसून औषधी दुकानदाराशी होते. म्हणून दोन शब्द त्यांच्याकरिता. घटक, निर्मात्याचा परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेल्या वाताच्या पुड्या व गोळ्या दुकानात ठेवू नयेत. अशा मालात स्टेरॉइड वा वेदनाशामक मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. रुग्णास लगेच बरे वाटते, तो पुन्हा तेच मागतो, आणि पुढे साखर, वृक्क व हाडे यांची हानी होते. कच्च्या औषधीत ब्राह्मी म्हणून जलब्राह्मी व मंडूकपर्णी या दोन्ही येतात, शंखपुष्पीच्या नावाने विष्णुक्रांताही मिळते, रास्नेच्या नावाखाली प्रांतपरत्वे वेगळी मुळे विकली जातात. वैद्याने कोणती लिहिली आहे, हे विचारूनच द्यावे. जटामांसी व गुग्गुळ या दोन्ही वनस्पती निसर्गात अतिशय दुर्मीळ होत चालल्या आहेत. अवास्तव स्वस्त भाव हा भेसळीचा संकेत समजावा. महिन्यातून तिसऱ्यांदा वेदनाशामक मागणाऱ्या गिऱ्हाइकास गोळी देण्यापूर्वी "झोप लागते का?" एवढे विचारून वैद्याकडे पाठविल्यास मोठेच कार्य होईल.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णाची जागल दोघा पुतण्यांनी वाटून घेतली. मात्राबस्ती, एरंडस्नेह, निजताना पादाभ्यंग आणि दीर्घ श्वसन असा साधा क्रम आम्ही ठेवला. नवे मौल्यवान औषध एकही दिले नाही. शून्य ते दहा या मापाने सात-आठ असलेली वेदना चार महिन्यांत तीनवर आली. ती पूर्णपणे गेली नाही. पुढच्या जूनमध्ये कर्जाच्या कागदपत्रांच्या दिवसांत ती पुन्हा वाढली, परंतु या वेळी ते आठवडाभरातच आले आणि स्वतःच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोप बिघडली, म्हणून पाय बोलून राह्यला." व्याधीचे मर्म रुग्णासच कळले होते.

कर्ज फेडणे वैद्याच्या हाती नाही, रानडुकरे आवरणेही नाही. परंतु विचारणे आपल्या हाती आहे. श्रेष्ठ वातहर म्हणून बस्तीची पिशवी हाती घेण्यापूर्वी, रोग वाढविणाऱ्या त्या श्रेष्ठ हेतूची चौकशी प्रत्येक जीर्ण वेदनेच्या रुग्णाजवळ एकदा तरी करावी, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती आहे. अलमिति विस्तरेण.